पलीकडच्या स्क्रीनवर

४ नोव्हेंबर, सोमवार

कलबुर्गीहून दोन कॉम्प्युटर आणले, एक वापरायला, एक बिघडला तर राखीव. कुठलं तरी ऑफिस बंद झालं, त्यांचा माल. सोबत चार जुन्या स्क्रीन. कॉम्प्युटर एवढे लहान की अव्वानं विचारलं, "भाकरीचे डबे कामून आणलास?" म्हटलं, यातच सगळं असतं. तिनं एक उचलून कानाशी हलवून पाहिला.

अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, अनसाबाईंनी, आमच्या हुलसूरच्या आसपासची निम्मी लग्नं तोंडानं जमवली. वही नाही, फोटो नाही. पोराच्या बापाला तोंडावर सांगायची की तुझं पोरगं आळशी आहे, आणि बाप ऐकून घ्यायचा. आता तिचे गुडघे गेले आणि 'मिलाप वधू-वर सूचक केंद्र' माझ्या गळ्यात पडलं. मला तोंडावर बोलता येत नाही, लिहिता येतं. त्यात लोक आता फोनवरच्या ग्रुपात स्थळं बघायलेत. या सीझनला जमलं नाही तर उदगीरला बहिणीकडं, मेव्हण्याच्या खताच्या दुकानात बसायचं ठरलंय. माझ्याशिवाय सगळ्यांनी ठरवलंय.

दोन स्क्रीनची कल्पना मला एका बँकेत सुचली. तिथं एक स्क्रीन बाईकडं तोंड करून होती, एक गिऱ्हाइकाकडं. मी आजवर एकच स्क्रीन फिरवून फोटो दाखवायचो आणि परत फिरवून माहिती लिहायचो. मागच्या महिन्यात फिरवता फिरवता वायर निघाली आणि स्क्रीन नवरीच्या आत्याच्या मांडीवर गेली. ते स्थळ मोडलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

अडचण आली. डब्याला मागं दोनच जागा आहेत. एकीत स्क्रीनची निळ्या तोंडाची केबल बसते. दुसरी जागा वेगळ्याच घाटाची, एक कोपरा छाटलेला. तिथं निळं तोंड जात नाही. जोर लावून पाहिला. अव्वा म्हणाली तेल लाव.

कलबुर्गीच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "उसको छोडो साब, सस्तेमें करो. एक केबल है, आगे दो मुंडी. दोनों स्क्रीन चलते." मी नीट विचारून घेतलं, दोन्हीवर दिसेल ना? "दोनों पे बराबर दिखता, साब." नवं काही घेण्याची ऐपत नाही. केबल बसच्या कंडक्टरकडं पाठवायला सांगितली.

९ नोव्हेंबर, शनिवार

केबल लावली. दोन्ही स्क्रीन एकदम उजळल्या. आता एक माझ्याकडं आणि एक पाहुण्यांकडं, पाठीला पाठ लावून. एका नवरदेवाचा फोटो मोठा करून उघडला आणि टेबलाला वळसा घालून पलीकडं जाऊन पाहिलं. नवरदेव तिथंही होता. काम झालं.

म्हणजे आता तिकडं फोटो राहील आणि इकडं मी निवांत शेरा लिहीन. शेरा ही माझी खासगी बाब आहे. अव्वा माणसं ध्यानात ठेवायची, मला राहत नाही, म्हणून प्रत्येक स्थळापुढं दोन ओळी खऱ्या लिहून ठेवतो. चाळिशी लागलीय, चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून अक्षर चांगलं मोठं ठेवलंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

ठाणाकुशनूरचे भगवानराव आले. शेती आहे, आडतीचं दुकान आहे, आवाज मोठा आहे. मुलगा हरिओम हैदराबादला एका कंपनीत कस्टमर रिलेशन बघतो म्हणाले. मुलगी अशी पाहिजे, तशी पाहिजे, घराणं असं पाहिजे, हे सगळं त्यांनी खालच्या बियाण्यांच्या दुकानात ऐकू जाईल असं सांगितलं. मी त्यांना मुलींचे फोटो लावून दिले आणि शेरा लिहिला: 'बाप फार मोठ्यानं बोलतो. मुलाबद्दल सांगण्यासारखं थोडं असावं.'

भगवानराव एकाएकी गप्प झाले. पाणी मागितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगं चांगलं हाय हो. मनानं लई चांगलं हाय." आणि अपेक्षांतल्या बऱ्याच स्वतःहून काढून टाकल्या.

थंडीनं घसा बसला असेल.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

एक बाई आल्या. मुलासाठी मुलगी पाहिजे, "सून न्हाई, लेकच समजून वागवीन" म्हणाल्या. लिहिलं: 'लेक नको, पाणी भरायला माणूस पाहिजे.'

बाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आमच्या घरात नळ आलाय आता."

मी पाण्याचं काहीच बोललो नव्हतो. दोन स्क्रीन असल्या की माणूस मोकळा होतो, एवढं खरं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

लोक वाढलेत. बाकावर जागा पुरत नाही. आळंद भागातून एक अप्पा साडूला घेऊन आले होते. त्यांना मराठी बोलता येतं पण वाचता फक्त कन्नड येतं. मी लिहायला लागलो की साडू त्यांच्या कानाशी लागून कुजबुजायचा आणि अप्पांचा चेहरा उतरत जायचा. शेवटी अप्पा म्हणाले, "व्हय, हुंड्याचं मी उगंच बोललो. ते काढा." मी काढलं. मला ते घेणं आधीच पटलं नव्हतं, पण मी तसं बोललो नव्हतो. लिहिलं होतं फक्त.

सगळेच हल्ली खुर्ची स्क्रीनजवळ ओढून बसतात. फोटो बारकाईनं बघत असावेत. मी फोटो लावून थांबलो की म्हणतात, "लिहा की." कागदोपत्री कामाबद्दल आमच्या भागात एवढा आदर मी पहिल्यांदाच पाहतोय.

अव्वाला सांगितलं, बघ, मी एक शब्द वाईट बोलत नाही तरी माणसं सुधारायलेत. ती दाराजवळच्या खुर्चीत बसलेली असते. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "माझ्यासमोर रडायचे. तुझ्यासमोर नुसतं बघतेत. काय करायलास त्यांना?"

२५ नोव्हेंबर, सोमवार

निंबर्ग्याच्या सुमनबाई, त्यांची मुलगी पिंकी आणि पिंकीचे मामा आले. वडील नाहीत. पिंकी गावात मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सुमनबाईंनी मुलीचं शिक्षण, स्वयंपाक, स्वभाव, झोपायची वेळ, सगळं सांगितलं. मी लिहिलं: 'मुलगी हुशार दिसते. आईनं मध्ये श्वास घेतला तर बोलेल.'

सुमनबाई वाक्याच्या मधोमध थांबल्या.

पिंकी खाली बघून हसत होती. मग म्हणाली, "मला एवढंच पाहिजे की त्यानं खोटं सांगू नये. नोकरी कसली का असंना."

भगवानरावांच्या हरिओमचा फोटो लावला. फोटोतला मुलगा साधा आहे, कान जरा पुढं आलेले. पिंकी म्हणाली, "बघू." भेटीला पंधरा डिसेंबर ठरला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

हरिओम एकटाच आला, बापाला न सांगता. बाकावर बसला. मग म्हणाला, "काका, मी कस्टमर रिलेशनमध्ये न्हाई."

हैदराबादला एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानापुढं तो अस्वल होऊन उभा राहतो. अस्वलाचं सोंग अंगात घालून. लहान मुलं येतात, मिठ्या मारतात, फोटो काढतात. पहिल्यांदा तो गोदामात लागला होता. एक दिवस अस्वलवाला आला नाही म्हणून याला आत घातलं. त्या दिवशी एक मूल त्याचा हात सोडायला तयार नव्हतं. मालक म्हणाला, आता तूच.

"बापाला माहीत हाय?"

"हाय. ते एकदा बघायला आले होते. लांबून बघून गेले. तेव्हापासून कस्टमर रिलेशन म्हणतेत."

"मग सोडून दे की."

तो म्हणाला, "चांगलं करतो मी ते."

मी नुकतं 'अस्व' एवढंच टाइप केलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, हे लिहू नका." त्याला कसं कळलं कोण जाणे. माझ्या बोटांकडं बघत असावा. पुसून टाकलं.

३ डिसेंबर, मंगळवार

पाहुण्यांकडची स्क्रीन लुकलुकायला लागली. बसवकल्याणच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून मैत्रेयी नावाच्या बाई आल्या. तिशी उलटलेल्या, पाठीवर बॅग, बोलणं मोजकं. पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्या आणि केबल काढून परत घट्ट केली.

"काही तरी टाइप करा," म्हणाल्या.

काय लिहावं सुचेना, म्हणून सवयीनं लिहिलं: 'कामाला चोख. हसत नाही.'

बाई हसायला लागल्या. तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून हसल्या. म्हणाल्या, "योगीराज अण्णा, हे मला दिसायलंय."

म्हटलं, तुम्हाला फोटो दिसायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "या केबलीनं दोन्हीकडं एकच दिसतं. जे तुमच्याकडं, तेच माझ्याकडं. अक्षर पण चांगलं मोठं हाय."

मी टेबलाला वळसा घालून पलीकडं गेलो. 'हसत नाही' असं तिथं लिहिलेलं होतं.

नंतर काय झालं ते नीट आठवत नाही. अव्वा सांगते, मी बाकावर आडवा झालो आणि "नळ, नळ" म्हणत होतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस ऑफिस बंद ठेवलं. ज्यांच्यासमोर बसून जे जे लिहिलं ते एकेक आठवतंय. एका माणसाबद्दल मी 'टक्कल झाकण्यात आयुष्य चाललंय' असं लिहिलं होतं. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली होती. मला वाटलं उकडत असेल.

आज मैत्रेयीबाई परत आल्या. डब्याच्या त्या छाटलेल्या कोपऱ्याच्या जागेत बसणारी एक छोटी शेपटी आणली होती. तिच्या एका टोकाला तो घाट आणि दुसऱ्या टोकाला निळी केबल. फार महाग नाही. ती डब्याला लावून दिली. मग खिडकीचं चित्र असलेलं बटण आणि पी, अशी दोन बटणं एकत्र दाबायला शिकवलं. त्यात दोन्हीकडं एकच दाखवता येतं, किंवा दोन स्क्रीन जोडून एक लांब स्क्रीन करता येते. मी लांबवाली घेतली. आता इकडचं इकडं आणि तिकडचं तिकडं. फक्त माऊसचा बाण उजव्या कडेला नेला की पलीकडं पळून जातो आणि मला सापडत नाही. अव्वाला तिकडं बसवलं. ती सांगते, "आला. माझ्याकडं आलाय." मग मी ओढून घेतो.

१० डिसेंबर, मंगळवार

वाटलं होतं, आता कुणी येणार नाही. लोक आले. बसले. मी फोटो लावला, इकडं शेरा लिहिला. ते स्क्रीनकडं बघत राहिले.

एक जण म्हणाला, "आज लिहिलेलं दिसंना."

मी म्हणालो, ती चूक होती, माफ करा, आता दुरुस्त केलीय.

"दुरुस्त कामून केलात?" तो रागावला. "आमी एवढ्या लांबून कशाला आलाव? फोटो तर फोनवर पण दिसतेत. तोंडावर कुणी बोललं की भांडण व्हतंय. वाचलं की माणूस गप बसतो. आमच्या भावाचं लग्न तुमच्या दोन ओळींनी जमलं."

त्यांना वाटलं होतं की ही आमची पद्धतच आहे. मागचा माणूस म्हणाला, आता पलीकडं काय लिहिता ते लपवता म्हणजे त्यात काही तरी असणार. बाकावरचे दोघं उठून गेले.

दोन बटणं दाबली आणि दोन्हीकडं एकच केलं. आणि मग मला लिहिताच येईना. समोरचा माणूस वाचतोय हे माहीत असताना हात चालत नाही. शेवटी लिहिलं: 'मुलगा सद्गुणी. घराणं सुसंस्कृत. सर्व काही उत्तम.'

त्यानं वाचलं आणि म्हणाला, "हे पत्रिकेतल्यासारखं लिहायलात. खरं लिहा."

लिहिता आलं नाही. दुपारी ऑफिस रिकामं झालं. उदगीरहून मेव्हण्याचा फोन आला, खतांचे भाव सांगत होता.

संध्याकाळी मैत्रेयीबाई आल्या. केबल तपासून जाते म्हणाल्या. केबल ठीकच होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वाईट लिहीत नव्हता, अण्णा. बघून लिहीत होता. लोकांकडं कोण बघतं आजकाल?" तांत्रिक माणसाला अशा गोष्टी कळतात याचं नवल वाटलं.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या भगवानराव आणि सुमनबाई, दोन्हीकडचे येणार. अस्वलाचं मला माहीत आहे, पिंकीला माहीत नाही. तिनं एकच गोष्ट मागितली होती. हरिओमनं लिहू नका म्हटलंय. दोघांनीही माझ्या टेबलावर विश्वास टाकलाय, एकानं या बाजूनं आणि एकीनं त्या बाजूनं.

अव्वाला विचारलं, तू काय केलं असतंस? म्हणाली, "मी बोलले असते आणि शिव्या खाल्ल्या असत्या." मग थोड्या वेळानं, "तू शिव्या खायला घाबरतोस, म्हणून तुझं लग्न न्हाई झालं." या दोन गोष्टींचा संबंध मला लागला नाही.

१५ डिसेंबर, रविवार

भगवानराव, हरिओम, सुमनबाई, पिंकी, मामा. चहा झाला. स्क्रीन दोन्हीकडं एकसारख्या ठेवल्या होत्या.

पिंकीनं सरळ हरिओमला विचारलं, "काम काय करता?"

भगवानराव म्हणाले, "कस्टमर रिलेशन."

"त्यांना विचारलं मी."

हरिओमनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझी बोटं कीबोर्डवर गेली. 'मुलगा' एवढं लिहिलं आणि थांबलो. त्या शब्दापुढं बारीक रेघ लुकलुकत होती आणि सगळे तिकडं बघत होते. मी स्क्रीनच्या वरून हरिओमकडं पाहिलं. लिहू नका म्हणणारा तो होता, तेव्हा त्यानं सांगितल्याशिवाय मी पुढं लिहिणार नव्हतो. मामांनी बशी खाली ठेवली.

हरिओम म्हणाला, "लिहा काका. मला बोलवंना."

मी लिहिलं: 'मुलगा हैदराबादला खेळण्यांच्या दुकानापुढं अस्वल होऊन उभा राहतो. मुलं त्याला सोडत नाहीत. तो ते चांगलं करतो. बापाला लाज वाटते. मुलाला वाटत नाही, पण बापाला वाटते म्हणून तो गप्प बसतो.'

दोन ठिकाणी काना चुकला. तो दुरुस्त केला.

भगवानराव ते वाचत होते. दोनदा वाचलं असावं. त्यांचा मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. मामांनी विचारलं, "अस्वल म्हंजे खरं अस्वल?" सुमनबाई पिशवी उचलून उभ्या राहिल्या. "चल गं पिंकी. आपली चेष्टा करायलेत."

पिंकी उठली नाही. ती हरिओमला म्हणाली, "आत उकडत असंल की."

"उन्हाळ्यात लई," तो म्हणाला. "बर्फाची पिशवी ठेवतो छातीशी."

"आणि बाहेरचं दिसतं का?"

"तोंडातनं दिसतं. अस्वलाच्या. पण खालचं दिसत न्हाई, म्हणून लहान लेकरांना जपून राहावं लागतं. मी पाय न उचलता, सरकवत चालतो."

"दाखवा."

हरिओम उठला आणि माझ्या टेबलापासून दारापर्यंत पाय सरकवत, हात जरासे पसरून गेला आणि परत आला. अव्वाच्या खुर्चीला वळसा घालताना तो इतका हळू झाला की अव्वानं आपोआप हात पुढं केला आणि त्यानं तो धरला. मी भगवानरावांकडं पाहिलं. लांबून बघून गेलेला माणूस आज चार पावलांवरून बघत होता. डोळे पुसले नाहीत त्यांनी, पण नाक ओढलं.

सुमनबाई अजून उभ्याच होत्या. "अगं, लोकांनी विचारलं जावई काय करतो, तर काय सांगू मी?"

पिंकी म्हणाली, "कस्टमर रिलेशन सांग."

भगवानराव म्हणाले, "तेच तर मी सांगायलो कवापासनं."

सुमनबाई खाली बसल्या. घरी जाऊन कळवतो म्हणाल्या, पण दुसरा चहा घेतला.

२० डिसेंबर, शुक्रवार

निंबर्ग्याहून होकार आला. लग्न मार्चमध्ये. हरिओमनं अस्वल होऊन वरातीत यावं असं पिंकीच्या शिकवणीच्या मुलांचं म्हणणं आहे. भगवानरावांनी नको म्हटलंय, पण खालच्या आवाजात म्हटलंय, त्यामुळं काही सांगता येत नाही.

मला आता समोरचा वाचत असतानाही लिहिता यायलंय. हळूहळू लिहितो. आधी माणसाकडं नीट बघतो. एकानं शेरा वाचून मला शिव्या दिल्या आणि अर्ध्या तासानं परत येऊन बसला. अव्वा खूश झाली. उदगीरला कळवलं की येत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

मैत्रेयीबाई परत आल्या. केबल तपासायची होती. हा माल चांगला दिसत नाही, इतक्या वेळा तपासावा लागतो. पैसेही घेत नाहीत, दुकान कसं चालत असेल.

तपासून झाल्यावर त्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "माझं पण नाव नोंदवा." मी नाव, शिक्षण, गाव, सगळं लिहून घेतलं. शेऱ्याच्या रकान्यापाशी आलो. त्या पलीकडून स्क्रीनकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, रोजच्यासारखं, पण आज काही सुचलं नाही. मग म्हटलं, आधी अपेक्षा सांगा.

त्या म्हणाल्या, "माणूस खरं लिहिणारा पाहिजे. वय चाळिशीच्या आसपास चालेल. हुलसूरचा असला तर बरं."

जसंच्या तसं लिहून घेतलं. अव्वा दारातून हे ऐकत होती, तिनं कपाळावर हात मारला आणि लंगडत आत गेली. थंडीनं गुडघे जास्तच धरलेत तिचे.

नोंदवहीत सगळी स्थळं पुन्हा चाळली. असा मुलगा सध्या तरी आपल्याकडं नाही. उद्यापासून शोधायला लागतो.